हप्ता दर महिन्याला, पैसा सुगीला

परभणीत नवं दुकान उघडलंय हे आधी फ्लेक्स सांगतो. वसमत रोडला, जिंतूर रोडला नाहीतर स्टेशन रोडला एखाद्या गाळ्यासमोर मांडव पडतो. मांडवापेक्षा मोठा फ्लेक्स लागतो आणि त्यावर मालकाच्या फोटोपेक्षा पाहुण्यांचे फोटो मोठे असतात. आत काचेचं काउंटर, पीओपीचं छत, रंगीत दिवे, मालकासाठी फिरती खुर्ची. फीत कापली जाते, पेढे वाटले जातात, शुभेच्छुक मंडळी गाडीला किक मारून निघून जातात. मग दुपार होते. पारा चव्वेचाळीसच्या पुढं सरकतो, रस्ता ओस पडतो आणि नवा मालक फिरत्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहतो.

त्या गाळ्यात पैसा कुठं कुठं गेला हे एकदा कागदावर मांडून बघावं. डिपॉझिट, फर्निचर, छत, बोर्ड, उद्घाटन. यातल्या डिपॉझिटला इलाज नाही. बाकीच्यांमुळं कुणी पावशेर साखर जास्त नेत नाही. पहिल्यांदा माल सगळेच भरतात, कारण तेव्हा कर्जाचे पैसे हातात असतात. खरा प्रश्न येतो दुसऱ्यांदा माल भरताना. पहिला माल निम्मा विकलेला, निम्मा उधारीवर गेलेला, आणि घाऊक व्यापारी म्हणतो, मागचं मिटवा, मग पुढचं बघू. इथं जे दुकान अडखळतं त्याला खेळतं भांडवल कमी पडलेलं असतं, आणि ते भांडवल बहुतेक वेळा छताला लटकत असतं.

छोट्या धंद्याला काय हवं आणि काय नको, याचं उत्तर पुण्यात वेगळं आणि परभणीत वेगळं. पुण्यातल्या गिऱ्हाइकाचा पगार एक तारखेला होतो. परभणी शहरातही विद्यापीठ, शाळा-कॉलेजं आणि सरकारी कचेऱ्यांच्या पगारावर चालणारी दुकानं आहेत. पण ती सोडली तर जिल्ह्यातला पैसा शेताच्या पंचांगानं चालतो. दसऱ्याच्या आगेमागे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, सोयाबीनच्या गाड्या येऊ लागतात. मागोमाग कापूस, तेव्हा मानवत-सेलूकडं जिनिंगच्या बाहेर वाहनांच्या रांगा लागतात. संक्रांतीच्या सुमारास तूर, होळीच्या आसपास हरभरा आणि रब्बी ज्वारी. या पाच-सहा महिन्यांत लोकांच्या हातात पैसा खेळतो. त्यातला बराचसा लग्नसराई खाते आणि मृग लागला की उरलेला बियाणं-खतात जातो. मग जूनपासून थेट पितृपंधरवड्यापर्यंत गावाकडचं गिऱ्हाईक येतं ते ‘मांडून ठेवा’ म्हणतच. किराण्यापासून कटिंगच्या दुकानापर्यंत कुणीही याला अपवाद नाही.

बँकेचं पंचांग मात्र इंग्रजी महिन्यांचं. समजा एखाद्यानं पाच लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण १०,९०० रुपये बसतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे झाले ४३ हजारांवर. आता दुसरा आकडा बघा. कर्जाचा हप्ता थकून ९० दिवस उलटले की नियमानुसार ते खातं अनुत्पादक धरलं जातं, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए. एकदा तो शिक्का बसला की सिबिलचा आकडा घसरतो आणि पुढची चार-सहा वर्षं कुठलीही बँक दारात उभं करत नाही. पावसाळा चार महिन्यांचा आणि बँकेची सबुरी तीन महिन्यांची. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत कितीतरी चांगले, कष्टाळू दुकानदार सापडतात. गिऱ्हाईक पैसे बुडवत नाही, तो सुगीला देणारच असतो, पण सुगी यायच्या आत ९० दिवस भरतात.

म्हणून या जिल्ह्यात धंदा सुरू करणाऱ्याच्या यादीत सगळ्यात वर काय असावं, तर चार महिन्यांचे हप्ते आणि गाळ्याचं भाडं, वेगळ्या खात्यात टाकून विसरलेलं. फर्निचर त्यानंतर. दुसरी गोष्ट मुहूर्ताची. अक्षय्य तृतीयेला फीत कापायची हौस मोठी असते, पण तेव्हा उघडलेल्या दुकानाला महिना-दीड महिन्यात कोरडे दिवस गाठतात. गणपती ते दसऱ्याच्या दरम्यान सुरुवात केली तर पहिलाच हंगाम भरभरून मिळतो आणि पुढच्या पावसाळ्याची शिदोरी बांधता येते. मुहूर्त गुरुजींना जरूर विचारावा, त्याआधी मोंढ्यात एक चक्कर मारून यावं.

हे सगळं परभणीच्या माणसाला कळत नाही असं नाही. मग कर्जाचे पैसे यंत्रात आणि फर्निचरमध्येच का जातात? याचं निम्मं उत्तर हौशीत आहे आणि निम्मं सरकारी योजनांच्या रचनेत. २००८ साली सुरू झालेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के अनुदान मिळतं. स्वतःची गुंतवणूक १० टक्के, विशेष प्रवर्गासाठी ५. योजना चांगली आहे आणि तिच्यावर उभे राहिलेले उद्योगही आहेत. पण तिच्या नियमात भांडवली खर्च नसलेला प्रकल्प बसतच नाही, आणि खेळतं भांडवल धरायचं ते एका फेरीपुरतं. म्हणजे ज्याला फक्त माल फिरवायला पैसे हवेत, तोही एखादं यंत्र प्रकल्प अहवालात घालतो. कोटेशन यंत्र विकणाराच देतो, अहवाल दुसराच कुणीतरी लिहितो, आणि ज्याच्या नावावर कर्ज पडतं त्यानं तो धड वाचलेलाही नसतो.

अनुदानाबद्दलचा दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. अनुदानाचे पैसे हातात येत नाहीत. ते बँकेत कर्जदाराच्या नावानं तीन वर्षं मुदत ठेवीसारखे अडकवून ठेवतात. उद्योग चालू आहे याची खात्री पटल्यावर मग ते कर्जात वळते होतात. २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतही ३५ टक्के, कमाल १० लाख, असं अनुदान आहे आणि तिथंही तीन वर्षांचीच वाट पाहायची असते. ‘पस्तीस टक्के तर माफच आहेत’ या हिशेबानं जो कर्ज घेतो त्याला पहिली तीन वर्षं स्वतःच्या गल्ल्यावरच काढावी लागतात. ओसरीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं डाळमिलचं किंवा शेवयांचं यंत्र मराठवाड्यात कुणाला नवीन नाही. त्या ताडपत्रीखाली बहुतेक वेळा हाच हिशेब चुकलेला असतो.

यंत्र केव्हा घ्यावं, याचं सुरेख उदाहरण मुंबईत सापडतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने. दोन प्रकारचे पापड करून एक स्वस्तात विकायचा बेत होता. पैसे देणाऱ्या छगनबाप्पा पारेखांनी तो मोडून काढला आणि एकच दर्जा राखायला सांगितलं. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपयांची. त्याच वर्षी पाऊस लागला, पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दोन वस्तू विकत घेतल्या, एक खाट आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पुढं हाच उद्योग ‘लिज्जत’ म्हणून देशभर पसरला आणि त्याच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण लक्षात ठेवावी ती खाट. पहिल्याच दिवशी वाळवणयंत्राचं कोटेशन आणलं असतं तर ८० रुपयांत ते बसलं नसतंच, आणि चार महिने कशामुळं बुडतात हे कळायच्या आत कर्ज मात्र डोक्यावर बसलं असतं. अडचण आधी आली, तिचं नेमकं रूप कळलं, मग तेवढ्यापुरती वस्तू आली.

आता परभणीच्याच स्वयंपाकघरात येऊ. मराठवाड्याच्या लग्नात येसरची आमटी नसेल तर पंगत पुरी होत नाही. धान्यं, डाळी आणि खडा मसाला वेगवेगळा खमंग भाजून दळलेला हा येसर इथल्या कितीतरी बायका नात्यागोत्यात करून देतात, आणि बचत गटात आल्या की पहिला धंदा म्हणून हाच सुचतो. चव हातात असते, गिऱ्हाईक ओळखीचं असतं, यंत्राच्या जागी कढई आणि गल्लीतली गिरणी असते. सुरुवात उत्तम. घोटाळा होतो तो किमतीत, आणि तो कसा होतो हे जवळून बघण्यासारखं आहे.

समजा, दहा किलोचा घाणा केला. किराणा सामान २२० रुपये किलोच्या सरासरीनं २,२०० रुपयांचं आलं. भाजताना ओल उडते, दळताना थोडं गिरणीत राहतं, हाती येतो नऊ किलो. पावकिलोची ३६ पाकिटं झाली. भाव ठरला ७५ रुपये पाकीट, का, तर ‘किलोला २२० पडले, ३०० ला विकलं, ऐंशी सुटले’. दुकानदार १५ टक्के कापून घेतो, पाकिटामागं हातात येतात पावणेचौसष्ट. सगळी पाकिटं खपली आणि २,२९५ रुपये आले. किराणा २,२०० चा होता, म्हणजे ९५ रुपये नफा, असं वाटून बाई खूश.

पण गॅस आणि दळणाचे ३०० राहिलेच. पाकीट आणि लेबल चार रुपयांप्रमाणं १४४. दुकानापर्यंतच्या ऑटोचे १००. खरा खर्च झाला २,७४४, आणि धंदा ४४९ रुपयांनी तोट्यात. गॅस घरच्याच सिलिंडरचा होता, ऑटोचे पैसे मुलानं दिले होते, म्हणून तो तोटा दिसलाच नाही. घरानं गुपचूप भरून काढला. चुलीपुढं बसलेल्या दोन दिवसांची मजुरी तर यात अजून धरलेलीच नाही. धंदा जसा वाढेल तसा हा तोटाही वाढत जाणार. दर महिन्याला चार घाणे झाले की घरात भांडण सुरू होतं, की एवढी विक्री होते तर पैसा जातो कुठं.

तेच पाकीट १०० रुपयांना ठेवलं तर दुकानदाराचं कमिशन जाऊन ३,०६० येतात आणि ३१६ रुपये उरतात. ही मजुरीसुद्धा पुरेशी नाहीच. पण तीच ३६ पाकिटं स्वतः बसून विकली तर ८५६ रुपये उरतात. म्हणजे या धंद्याला सुरुवातीला काय हवं, तर एक चांगला वजनकाटा, एक वही आणि विकायला बसायची जागा. चकचकीत पाऊचचं मशीन पुढं कधीतरी.

बसायची जागा परभणी जिल्ह्यात महाग नाही. गावोगावचे आठवडी बाजार आहेत, परभणीतला शनिवार बाजार आहे आणि फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा दूरदूरचे लोक शहरात येतात. गाळ्याचं वर्षाचं भाडं भरण्याआधी चार आठवडी बाजार करून पाहावेत. कोणतं पाकीट आधी संपतं, लोक पावकिलो मागतात की छटाक, चव घेऊन कोण परत येतं, भाव ऐकून कोण पुढं सरकतं, हे चार बाजारांत जेवढं कळतं तेवढं चाळीस पानी प्रकल्प अहवालात कळत नाही. शिकायचं असेल तर सोयही घराजवळ आहे. १९७२ पासून इथं असलेल्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचं महाविद्यालय आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची प्रशिक्षणं मोफत असतात. परभणीचा तरुण सोयाबीनचं दूध कसं करतात हे मोबाइलवर दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून शिकतो आणि विद्यापीठाच्या फाटकावरून रोज गाडी काढतो, ही गंमतच आहे.

येसर लोकांच्या ओळखीचा असतो. अगदी नवी वस्तू असेल तर धीर हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. लोखंडी नांगर १९०३ चा, आणि लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीपायी तो खपायला दोन वर्षं गेली.

कागदपत्रांच्या बाबतीत लोक दोन टोकांना असतात. काही जण एकही कागद करत नाहीत आणि काही जण गिऱ्हाईक यायच्या आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून बसतात. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला दर वर्षी ऑडिट करून घ्यावंच लागतं, त्यामुळं पहिली कमाई सीएच्या ऑफिसात जाते. मालकीचा साधा धंदा असेल तर गरजेचे कागद थोडेच. उद्यम नोंदणी करावी. २०२० च्या जुलैपासून ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. तिचे हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी टाळता येत नाही. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या उत्पादकासाठी मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला १०० रुपये. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, घटक, तयार केल्याचा महिना, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर लागतो. वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का दर वर्षी मारून घ्यायचा. लोक विसरतात तो नेमका हा.

जीएसटीची भीती अनाठायी आहे. फक्त वस्तू विकणाऱ्याला, तेही राज्यातल्या राज्यात, वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत. एक-दोन नोकर ठेवणाऱ्या दुकानदाराला २०१७ च्या कायद्यानंतर दुकान परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरे. ट्रेडमार्कसाठी एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात. नाव बाजारात चाललं की घ्यावा, तोवर घाई नाही. आणि क्यूआर कोडचा कागद पहिल्याच दिवशी चिकटवावा. यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला कमिशन पडत नाही, आणि वर्षभराच्या जमा नोंदी बँकेसमोर ठेवल्या की मुद्रा कर्जाची गोष्ट सोपी होते. शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, येसरवालीला तेवढे भरपूर. पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा भाड्यानं मिळतो. तो नसला तरी पैसे येतातच.

राहिली उधारी. ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी दुकानात लावता येते, पण परभणीत ती लावून किराणा चालत नाही. ज्याच्या शेतात सोयाबीन उभं आहे त्याला जुलैमध्ये तेलाचा पुडा नाकारला तर तो दिवाळीत मुलांचे कपडे आणि वाणसामान दुसरीकडून नेणार. तेव्हा उधारी हा या भागात धंद्याचा आवश्यक खर्चच आहे, दिव्याच्या बिलासारखा. फक्त बिलासारखीच ती मोजलेली हवी. जुन्या दुकानदारांची पद्धत बघावी. प्रत्येक घराला एक पान आणि प्रत्येक पानाला मनात एक आकडा. तो ओलांडला की ‘मालक बाहेर गेलेत, संध्याकाळी या’. नवा दुकानदार भिडेपोटी सगळ्यांचं सगळं मांडत जातो, आणि वर्ष बिघडलं की त्याचं दुकान त्या पानांखाली गाडलं जातं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली. अशा वर्षी मोंढ्यात माल पोचत नाही, आणि उधारीचं पान दिवाळी ओलांडून पुढच्या वर्षात जातं. ते पोटात घ्यायची ताकद बाजूला ठेवलेल्या त्या चार हप्त्यांतूनच येते.

चांगलं वर्ष असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधी दोन दिवस शेतकरी आडतीवरून थेट दुकानात येतो. धोतराला किंवा पँटीला अजून सोयाबीनचा भुसा लागलेला. वरच्या खिशातून घडी घातलेली पट्टी काढतो, हमाली-तोलाई वजा जाऊन उरलेला आकडा बोटानं दाखवतो आणि नोटा मोजतो. ‘अर्धे धरा, अर्धे कापूस गेल्यावर.’ दुकानदार पान उघडतो, जमा मांडतो, खाली रेघ मारतो. रेघेची शाई वाळायच्या आत समोरून यादी सुरू होते. पाच किलो साखर, दोन किलो रवा, डालड्याचा एक पुडा, आणि उटणं असेल तर तेही द्या.